पंधराव्या मैलाचे आप्पा

आप्पा मुकादम रस्त्यावर कधी वहाणा घालीत नसत. तुम्हीआम्ही वाटेला लागलो की वहाणा घालतो आणि देवळाच्या पायरीशी काढतो. आप्पांचं सगळं उलटं. शेतात, बांधावर, घरच्या अंगणात त्यांच्या पायांत करकरणाऱ्या वहाणा असायच्या, आणि रस्त्याच्या कडेला आले की त्या काढून, काठीच्या टोकाला अडकवून, काठी खांद्यावर टाकून ते अनवाणी चालू लागत. चैत्र-वैशाखात खडी तव्यासारखी तापायची, तरी यात बदल नाही. मी नवा ओव्हरसियर म्हणून आलो तेव्हा मला वाटलं, काही नवसबिवस असेल. विचारलं, तर म्हणाले, "वहाण घातली की रस्ता खोटं सांगतोय, सायेब. तळव्याला खरं कळतं." मग चालता चालता थांबले आणि अंगठ्याने एक जागा दाबून दाखवली. खाली मुरूम सुटलाय, पंधरा दिवसांत खड्डा पडेल, म्हणाले. मी मुद्दाम वहीत तारीख लिहून ठेवली, म्हाताऱ्याची खोड जिरवावी म्हणून. खड्डा अकराव्या दिवशी पडला.

हा रस्ता म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावापासून दक्षिणेला संस्थानच्या हद्दीपर्यंतचा, बावीस मैलांचा. हद्द ओलांडून आणखी चौदा मैल गेलं की सांगली. तेव्हा लढाई चालू होती, संस्थानं जागच्या जागी होती, आणि रस्ता एकच असला तरी त्याचे धनी दोन होते. सातारा जिल्ह्यातला तुकडा आमच्या खात्याचा. त्याचे मैल तालुक्यापासून मोजलेले, पहिला वेशीत आणि बाविसावा हद्दीवर. संस्थानचे मैल सांगलीपासून मोजलेले, एक ते चौदा. त्यामुळे हद्दीवरच्या दगडाला एका अंगाने बावीस आणि दुसऱ्या अंगाने चौदा असे दोन आकडे होते. हे नीट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

दर मैलाला एक माणूस नेमलेला असे. त्याला मैलकुली म्हणत. आपल्या मैलाचं गटार काढायचं, कडेचं गवत काढायचं, खड्ड्यात खडी-मुरूम घालून धुमसाने ठोकायचं, हे त्याचं काम. अशा बावीस जणांवर आप्पा मुकादम. त्यांनी आपल्या माणसांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "ए अकरा, घमेलं आण," "आठ कुठं गेला?" असं चालायचं. अकराच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी मला आमंत्रण दिलं तेही 'अकराची पोर' म्हणूनच. मुलीच्या बापाचं नाव मला अक्षता टाकल्यावर कळलं. रस्त्याकडेच्या गावांतही हेच वळण पडलं होतं. बाजारात कुणी पडक्या विहिरीजवळ राहतो असं सांगत नसे, सहाव्या मैलावर राहतो म्हणे. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर मैल ऐकून ब्रेक लावायचा.

आप्पांचा मोटारींवर राग नव्हता. लोक म्हणायचे, लढाईपायी लष्करी लॉऱ्या आल्या आणि रस्त्याची वाट लागली. आप्पा मान हलवायचे. रस्त्याचा वैरी गाडी नव्हे, पाणी, असं त्यांचं म्हणणं. कमरेला पितळी तांब्या बांधलेला असे. कुठेही थांबायचे, तांब्यातलं पाणी रस्त्याच्या मधोमध ओतायचे आणि उकिडवे बसून बघायचे. पाणी दोन्ही अंगांना फुटून कडेला गेलं तर उठायचे. जागेवर तळं करून बसलं, तर त्या मैलाच्या माणसाची धडगत नसे. एकदा मी घाईत असताना त्यांनी मला असंच पाणी बघत ताटकळत ठेवलं. मी चिडून म्हटलं, आप्पा, हा काय पोरखेळ? ते म्हणाले, खेळ तर खेळ, पण पावसाळ्यात पाणी खेळायला आलं म्हणजे कळेल. खरं तर मी इंजिनिअरिंग शिकून आलो होतो, रस्त्याच्या उताराचं गणित मला तोंडपाठ होतं. रस्ता मात्र ह्या माणसाने शिकवला.

हद्दीची त्यांना भारी चाड. त्या बावीस-चौदाच्या दगडापाशी दर पावसाळ्यात एक मोठा खड्डा पडायचा, निम्मा आमच्याकडे, निम्मा संस्थानात. पलीकडचा मुकादम म्हणायचा, खड्डा तुमच्या गटारामुळे पडतो, तुम्हीच भरा. आप्पांनी काय करावं? दगडापासून रस्त्यावर आडवी दोरी धरली आणि दोरीपर्यंतचा निम्मा खड्डा तासून, ठोकून, पाणी मारून भरला. पलीकडचा निम्मा तसाच. गाड्या धाडकन् आदळायच्या आणि बैलगाडीवाले संस्थानी खात्याचा उद्धार करायचे. चार दिवसांत पलीकडच्याने आपला निम्मा भरला, तोही दोरी लावून. मी हसलो. आप्पांना त्यात हसण्यासारखं काही दिसेना. जिथवर आपला आकडा, तिथवर आपला हात, एवढंच ते म्हणाले.

त्यांना किसन नावाचा एकच मुलगा. बायको आधीच गेलेली. किसन लष्करात होता आणि लढाई संपेपर्यंत परमुलखात होता. त्याचं पत्र आलं की आप्पा ते माझ्याकडून वाचून घेत. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे येत. पत्र ऐकताना चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, पण त्या दिवशी दहा-बारा मैल जास्त चालायचे. किसन धडधाकट परत आला. उंच, हसरा, बोलण्यात 'ऑर्डर' आणि 'डूटी' असले शब्द पेरणारा. मी साहेबांना सांगून त्याला मैलकुली म्हणून लावून घेतला आणि पंधरावा मैल दिला. पहिल्याच दिवशी आप्पांनी त्याला हाक मारली, "ए पंधरा." किसनने टाचा जुळवून सलाम ठोकला. सगळे हसले, आणि आप्पाही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच वर्षी किसनचं लग्न झालं.

मग संस्थानं विलीन झाली. सांगली नव्या जिल्ह्याचं ठाणं झालं आणि वरून हुकूम आला, की रस्ता आता एकच, तेव्हा त्याचे मैलही एकसलग, सांगलीपासून मोजायचे. संस्थानचे एक ते चौदा होते तसेच राहिले. आमच्याकडचे मात्र सगळे उलटे झाले. हद्दीवरचा बावीस आता चौदा, त्याच्या पुढचा एकवीस आता पंधरा, असं करत तालुक्याच्या वेशीपर्यंत. किसनचा पंधरा आता एकवीस होणार होता. बदलला नाही तो फक्त अठरा. तो दोन्हीकडून अठराच येत होता.

आप्पांना हे समजावून सांगायला मी नकाशा उलगडला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि बोटांवर सगळं बिनचूक मोजून दाखवलं. त्यांची तक्रार आकडे बदलण्याला नव्हती. सरकारचा हुकूम, बदलू. पण ते म्हणाले, सगळे दगड एका दिवसात बदला. बावीसच्या बावीस माणसांच्या हातात एका सकाळी कुंचला द्या, आदल्या दिवशी गावोगाव दवंडी पिटा, मोटारवाल्यांना सांगा. दिवस बुडायच्या आत जुना एकही आकडा राहता कामा नये.

सांगणं साधं होतं आणि बरोबर होतं. पण तेव्हा मला शहाणपणाची शिंगं फुटली होती. मोठे साहेब पुढच्याच आठवड्यात सांगलीहून तपासणीला येणार होते. चुना आणि काळा रंग पुरेसा आला नव्हता, मागणी केलेला माल वाटेत कुठेतरी अडकला होता. साहेब वेळेअभावी अठराव्या मैलावरून परत फिरणार, असं मला कळलं होतं. मी हिशेब केला. हद्दीपासून अठरापर्यंतचे दगड नव्याने रंगवायचे. अठरा तर दोन्हीकडून अठराच, म्हणजे सांधा दिसायचाच नाही. उरलेले माल आल्यावर, सावकाशीने. माझ्या ह्या युक्तीवर मी इतका खूश झालो की ऑफिसात दोघांना सांगितली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा गेला असता तर बरं होतं.

आप्पा ऑफिसात आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, "सायेब, सांगलीकडनं येताना चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. आन् म्होरं पुन्ना सतरा, सोळा, पंधरा, चौदा. एका रस्त्यावर दोन पंधरा झाले की वो." मी म्हटलं, आप्पा, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, तेवढ्यात काय आभाळ कोसळतं? त्यांनी काठी उचलून खांद्यावर टाकली. मग गेले, आणि मी सांगितले तेवढेच पाच दगड त्यांनी रंगवून घेतले. साहेब आले, पांढरेशुभ्र दगड बघून माझ्या पाठीवर थाप मारली आणि अठरावरून परत गेले.

त्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, किसनच्या मैलावर खडीची गाडी खाली करत असताना जू मोडलं. गाडी उलटली आणि खडीसकट किसनच्या मांडीवर आली. आप्पा तिथेच होते. चौघांनी गाडी उचलली. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. आप्पांनी आपला पटका फाडून मांडी करकचून बांधली. तेवढ्यात सांगलीला जाणारी सर्व्हिस मोटार आली. टपापर्यंत भरलेली. लोक खाली उतरले, किसनला उचलून आत घालायला गेले, तर रक्ताची धारच लागली आणि तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आल्यावर तोच म्हणाला, की हाडाला फळी बांधल्याबगैर हलवू नका, लष्करात तसंच शिकवलंय. ड्रायव्हर म्हणाला, मी दवाखान्याची गाडी डॉक्टरांसकट लावून देतो, मैल सांगा. त्या घाईत आप्पांना दुसरा पंधरा आठवला नाही; त्यांनी दगडाकडे बघितलं आणि मैल सांगितला, पंधरा.

ड्रायव्हर भला माणूस. वाटेत कुठेही न थांबता त्याने मोटार सांगलीला नेली आणि सरकारी दवाखान्यात निरोप पोचवला. पंधराव्या मैलावर माणूस चिरडलाय. डॉक्टर जेवायला बसत होते, ते ताटावरून उठले. दवाखान्याची गाडी निघाली. पंधरावा मैल आला. नवा कोरा, पांढराशुभ्र, माझ्या हुकमाने रंगवलेला. तिथे चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरांनी अर्धा तास मागेपुढे शोध घेतला, शेतातल्या माणसांना विचारलं. इथे काही झालेलं नाही, म्हणाले. बहुतेक कुणीतरी त्याला आधीच नेलं, असं समजून डॉक्टर परत फिरले. किसन तिथून सहा मैलांवर होता.

इकडे एकच्या सुमाराला सांगलीत गूळ उतरवून तालुक्याकडे परत चाललेली एक रिकामी लॉरी आली. आता किसन जरा शांत पडला होता, रक्त थांबल्यासारखं वाटत होतं, निरोप कळून धावत आलेली सून पदराने वारा घालत होती. लॉरीवाला म्हणाला, घाला मागे, पोत्यांवर निजवून तालुक्याच्या दवाखान्यात पोचवतो. चौघे उचलायला वाकले. आप्पांनी थांबवलं. सांगलीहून गाडी निघाली असणार. आपण इथून हललो आणि डॉक्टर आला, तर चुकामूक होईल. मैल सांगितलाय, आता मैल सोडायचा नाही. लॉरीवाल्याने पाव तास वाट पाहिली आणि तो गेला. हे मला सुनेने नंतर सांगितलं. आप्पांनी कधीच सांगितलं नाही.

तीन वाजता मी सांगलीच्या ऑफिसात होतो. डॉक्टर तणतणत आत आले. तुमच्या खात्याच्या माणसांना थट्टा सुचते का, म्हणाले. पंधराव्या मैलावर अर्धा तास उन्हात उभा होतो, कुणीही नाही. क्षणभर मला काही कळलं नाही. मग कळलं. मी त्यांचा दंड धरला आणि गाडीकडे ओढतच नेलं. वाटेत एक-एक दगड येत होता. चौदा. पंधरा. सोळा. अठरा ओलांडल्यावर पुन्हा सतरा आला तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

आम्ही पोचलो तेव्हा किसनला जाऊन तासाच्या वर झाला होता. दगडाला टेकूनच त्याला निजवलेलं होतं. आप्पा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि "किसना, किसना" एवढंच हळूहळू म्हणत होते. मला बघून थांबले. म्हणाले, "पंधरा सांगितलं हुतं, सायेब. दगडावर पंधराच हाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. स्वतःचं काही चुकलं का, हे ते मला विचारत होते. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की आप्पा, तुमचं काही चुकलं नाही, मी मारला तुमचा पोरगा. त्याऐवजी गाडीतली फळी कशाला आणली असं मी उगाच डॉक्टरांना विचारलं.

चौकशी झाली. माझ्या वरिष्ठांनी कागद तयार केला, की नव्या आकड्यांचं काम मुकादमाने वेळेत पुरं न केल्यामुळे घोटाळा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला म्हणाले, तुझी नोकरी नवी आहे, पुढे सगळं आयुष्य आहे, म्हातारा दोन-चार वर्षांत तसाही घरी बसेल. त्या कागदावर सही माझी आहे. कुणी जबरदस्ती केली नाही, बाभळीला बांधून मारलं नाही. मी केली. आप्पांचा अंगठा हवा होता, म्हणून मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी खरं ते सांगितलं, तेवढी लाज शिल्लक होती. ते म्हणाले, मुकादम म्हणून नाव माझंच लागणार की. अंगठा उठवला. त्यांची मुकादमी गेली. साधा मैलकुली म्हणून ठेवलं, आणि रिकामा मैल एकच होता, किसनचा.

आप्पा त्या मैलावर आणखी चार वर्षं होते. नंतर म्हसवडकडे पुतण्याच्या घरी गेले, आणि वारल्याचंही मला दुसऱ्याकडून कळलं. मी पुढे खूप रस्ते केले, बढत्या घेतल्या, सत्कारही झाले. ज्या ज्या रस्त्याचे आकडे बदलायची वेळ आली, तिथे सगळे दगड एका दिवसात बदलून घेतले, आणि हाताखालच्या माणसांनी मला चक्रम म्हटलं तेही ऐकून घेतलं. पण त्याने काय होतं? ज्याचं जायचं त्याचं गेलं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे. मी ती आजवर घरच्यांनाही सांगितली नाही.

चौकशीनंतर खात्याला एकदम जाग आली. चुना आला, काळा रंग आला, आणि उरलेले सतरा दगड एका दिवसात बदलायचा हुकूम मीच काढला. आदल्या दिवशी दवंडी पिटवली. संध्याकाळी मी सायकलवरून बघत निघालो. सोळा दगड झाले होते. किसनच्या मैलावरच्या दगडावर जुने पंधरा तसेच होते. आप्पा कडेला गवत काढत होते. दगडापाशी चुन्याची बादली, रंगाचा डबा आणि कुंचला मांडून ठेवलेला होता. मी विचारलं, हा का राहिला? त्यांनी विळा खाली ठेवला.

"ह्यो तुमी लिवायचा, सायेब."

मी सायकल झाडाला लावली, बाह्या सावरल्या आणि गुडघ्यावर बसलो. पत्र्याने जुना आकडा खरवडला. चुना दिला, तो वाळू दिला. मग कुंचला बुडवून २१ लिहिले. आप्पा वाकून बघत होते. म्हणाले, दोन वाकडा आलाय, पुसा. मी पुसला, पुन्हा चुना दिला, पुन्हा लिहिला. एक आखूड झाला, म्हणाले, पुसा. तिसऱ्या वेळी रंग ओघळला. मला रडू कोसळलं. मी म्हटलं, आप्पा, माझी चूक झाली, मला क्षमा करा. त्यांनी ऐकलं. बादलीतला चुना काडीने ढवळला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पुसा. डागदराला चालत्या गाडीतनं वाचता याया पायजे."

चौथ्यांदा लिहून झाल्यावर ते उठले आणि सांगलीच्या अंगाला शंभरेक पावलं चालत गेले. तिथे वळले. गाडीत बसलेला माणूस जसा दगड शोधत येईल, तसे रस्त्याच्या मधून, दगडावर नजर ठेवून सावकाश चालत आले. माझ्यापाशी येऊन थांबले.

"एकवीस," ते म्हणाले. "आता आला असता."